चौकटीवरचा हात

मागच्या खोलीचं दार बुटकं आहे. चौकटीचं वरचं लाकूड मोठ्या माणसाच्या कपाळाला लागतं. त्या लाकडाच्या कडेला तो आपला तळहात लावून उभा राहायचा. आत शिरणारा वाकायला विसरला की डोकं लाकडावर आपटायचं नाही, याच्या हातावर आपटायचं. मराठी माणूस दिसला की म्हणायचा, "डोकं, डोकं." अक्कलकोटाकडचं कुणी आलं की, "तली, तली." त्याची आई मैंदर्गीची, तेवढं कानडी त्याला येत होतं. डोकं लागलंच तर माणूस ओशाळायचा. हा म्हणायचा, "लागू द्या. हातच हाय."

तुमच्यापैकी कुणी ते जन्मस्थान बघायला गेलं असेल तर तुमचंही डोकं त्या हाताला लागलं असेल. तुम्हाला आठवायचं नाही. मी त्या दारातून एकतीस वर्षं आत-बाहेर केलं, पण माझं डोकं कधी लागलं नाही. आपल्या घराच्या दारात पाठ आपोआप वाकते. तिला सांगावं लागत नाही.

मी गवंडी आहे. चौथीच्या पुढे शाळा बघितली नाही. लिहायचं कारण एवढंच की समितीनं जन्मस्थानाचा इतिहास म्हणून एक पुस्तक काढलं, त्यात घर आहे, विहीर आहे, माडी आहे, वकीलसाहेबांचा फोटो आहे, आणि हा नाही. नाव मीही लिहीत नाही. गल्लीत त्याला सगळे सुईणीचं पोर म्हणायचे. पासष्टी झाली तरी पोरच. मीही तेच म्हणायचो.

त्या घरात जे जन्मले ते मोठे विचारवंत होते. त्यांनी काय विचार केला ते मला विचारू नका. बाहेर संगमरवरी पाटी आहे, ती मी दोनदा वाचली. दगड चांगला आहे. मजकूर कळला नाही.

पण ते तिथं का जन्मले ते मला कळतं, कारण आमच्यातही तसंच. पहिलं बाळंतपण माहेरी. त्यांच्या आईचं ते माहेर. ती दिवस भरत आल्यावर आली, बाळंत झाली, सव्वा महिन्याची अंघोळ झाली आणि पोराला घेऊन सासरी गेली. ते पोर पुन्हा सोलापुरात आलं की नाही देव जाणे. पुढं ते घर विकलं गेलं, नव्या मालकानं खोल्या भाड्यानं लावल्या. सहा बिऱ्हाडं होती. मागच्या खोलीत मी आणि माझी बायको. पुढच्या देवडीत सुईणीचं पोर, एकटंच. बायको त्याची फार लवकर गेली होती. कापडगिरणीत मागाच्या साच्यावर काम करून त्याचे कान निम्मे गेले होते. त्यामुळं तो बोलायचा ते चौकातल्या सगळ्यांशी बोलल्यासारखं.

आणि त्या थोर माणसाला जगात आणलं ते याच्या आईनं. ती सुईण होती. हा तेव्हा जन्मला नव्हता, पण आईनं सांगितलेलं सगळं याला पाठ होतं. कुठल्या कोपऱ्यात बाज होती, शेगडी कुठं होती, पोर रडायला किती वेळ लागला. "लई येळ रडलं न्हाय," सांगायचा, "आई म्हनायची, इच्यार करत असंल." पाहुणे हसायचे. पुढे मात्र हसत नसत. ते विचारायचे, इथे त्यांचं बालपण किती वर्षं गेलं? समितीच्या कागदावर 'बालपण' असंच छापलं होतं. हा ठणकावून सांगायचा, सव्वा महिना. पाहुण्यांची तोंडं उतरायची. लांबून आलेले असायचे बिचारे. मग हा चौकटीवरचा हात काढायचा, जमिनीकडे दाखवायचा आणि म्हणायचा,

"सव्वा म्हयना हुता, पर हितं हुता."

हे झालं नंतरचं. आधीचं सांगतो.

दुष्काळ सरला त्या साली माझी बायको गेली. दुष्काळात मी खडी फोडायला रस्त्यावर होतो आणि ती रेशनची परदेशी लाल ज्वारी, मिलो, जात्यावर भरडत होती. गिरणीत दळून आण म्हटलं तर ऐकायची नाही. दळताना मला शिव्या द्यायची, जात्याला द्यायची, मिलो पाठवणाऱ्याला द्यायची. ओवी बिवी तिला यायची नाही. ते जातं मी लग्नाच्या साली माझ्या हातानं केलं होतं. खालचा दगड खोलीच्या कोपऱ्यात जमिनीत बसवला होता, हलू नये म्हणून. मी डावखुरा. माझ्या टाकीचे घाव उलट्या अंगाला जातात. जात्याच्या कडेला ते दिसतात. दरसाल संक्रांतीच्या आधी मी टाकी लावून द्यायचो आणि ती म्हणायची, "दगडाला तेवढी धार लावता, अकलेला कधी लावनार?"

ती त्याच खोलीत गेली. आजार फार दिवसांचा नव्हता. त्याबद्दल मी लिहिणार नाही.

चार महिन्यांनी समिती आली. वकीलसाहेब अध्यक्ष. मालकानं घर स्मारकासाठी समितीला देऊन टाकलं होतं. बिऱ्हाडांना दुसरीकडे खोल्या बघून देणार होते. पण सगळ्यांना लगेच नाही. आधी जन्माची खोली मोकळी करायची, बाकीचं सावकाश. वकीलसाहेब सरळ माडीवर गेले. माडीला तीन खिडक्या, रंगीत काचा, वारा चांगला. म्हणाले, हीच. इथेच पाळणा टांगू. मी खाली उभा होतो. मला बरं वाटलं. माडी गेली म्हणजे माझी खोली राहिली. निदान वर्ष-दोन वर्षं. तिथल्या भिंतीला अजून तिच्या चुलीचं काळं होतं.

सुईणीचं पोर जिन्यात उभं होतं. ते मोठ्यानं म्हणालं, "साहेब, बाळंतीन कुटं माडीवर ठिवत्यात व्हय? वाऱ्यात?"

वकीलसाहेब थांबले. यानं सगळं सांगितलं. बाळंतिणीला वारा लागू द्यायचा नसतो, बुटक्या दाराची, खिडकी नसलेली खोली त्यासाठीच असते. त्याच्या आईनं बाज कुठं टाकली ते त्यानं खाली येऊन, माझ्या खोलीत उभं राहून, माझ्याच अंथरुणावर बोट ठेवून दाखवलं. वकीलसाहेबांच्या बरोबर एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांनी मान हलवली. झालं. पंधरा दिवसांत खोली सोडा म्हणून मला सांगण्यात आलं.

मी त्याला चौकात गाठलं. म्हटलं, "सुईनीच्या, तुज्या तोंडानं माजी खोली गेली."

तो म्हणाला, "आईनं सांगितलेलं हाय. त्ये मी कसं बदलू?"

तीन आठवडे मी त्याच्याशी बोललो नाही. ज्याचं लग्नाचं माणूस गेलं त्याची खोलीही जावी, आणि तीही खरं बोलण्यापायी, हे मला समजेना. आजही नीट समजत नाही.

खोलीचं काम मात्र मलाच मिळालं. वकीलसाहेबांना गवंडी हवा होता आणि मी समोरच होतो. नाही म्हणावं असं मनात आलं, पण दुसरा कुणी येऊन त्या भिंती खरवडणार हेही बघवलं नसतं. तिच्या चुलीचं काळं मी माझ्या हातानं खरवडलं. वरून गिलावा केला. सुईणीचं पोर पाण्याची बादली आणून ठेवायचं आणि मी न बोलता घ्यायचो.

तिसऱ्या दिवशी वकीलसाहेब आले. कोपऱ्यातलं जातं बघून म्हणाले, "भाडेकरूंचा कचरा अजून इथेच? हे उपटून बाहेर टाका." पहार माझ्याच हातात होती.

मी काही बोलायच्या आत दारातून आवाज आला. "त्ये तवाचंच हाय, साहेब. त्यांच्या आईचं."

वकीलसाहेबांनी मान वळवली. याची नजर जमिनीवर. जो माणूस आईच्या शब्दाबाहेर एक बोट सरकत नव्हता, तो हे बोलला. वकीलसाहेब खूश झाले, कारण त्या काळातली एकही वस्तू त्यांना सापडली नव्हती, नुसत्या रिकाम्या खोल्या होत्या. ते मला म्हणाले, "गवंडी, तुम्हाला दगडातलं कळतं. जुनं वाटतं का?"

मी म्हटलं, "दगड हाय. जुनाच असतो."

मी खोटं बोललो की नाही, सांगा तुम्हीच. मला ते ठरवता आलेलं नाही. पहार मात्र मी खाली ठेवली.

अशी पाटी लागली. 'मातोश्रींचे जाते'. भोवती दोरी. सुईणीचं पोर समितीचा खाकी शर्ट घालून पहारेकरी झालं, देवडीतली खोली त्याला त्याबद्दल मिळाली. मला दोन गल्ल्या पलीकडे खोली दिली होती. मी रोज सकाळी भाकरी फडक्यात बांधून निघायचो आणि जन्मस्थानाच्या चौकात येऊन बसायचो. काम असलं तर कामावरून यायचो. तो मला ये म्हणाला नाही आणि जा म्हणाला नाही. शेंगाची चटणी अर्धी माझ्या फडक्यात टाकायचा.

पहिल्यांदा मी दोरीच्या बाहेरून जातं बघितलं तेव्हा एक बाई त्याच्यापुढे वाकून नमस्कार करत होती. मग बायका हळदकुंकू वाहू लागल्या. पोटुशी पोरगी आली की सासू तिला दोरीतून हात घालून खुंट्याला हात लावायला सांगायची, म्हणजे पोर हुशार निपजेल. मी चौकात बसून हे बघायचो. खुंटा माझ्या बायकोच्या तळहातानं गुळगुळीत झालेला. शिव्या देत देत झालेला. नमस्कार जातो कुणाला? त्या मोठ्या माणसाच्या आईला, तर तिनं या जात्याला बोट लावलेलं नाही. माझ्या बायकोला, तर तिचं इथं नाव नाही. कधी राग यायचा. कधी वाटायचं, बघ ग, तुझ्या पाया पडतायत. ती असती तर म्हणाली असती, येडी हायत का सगळी, मिलो भरडायला लावा त्यास्नी.

एकदा पुण्याहून एक प्रोफेसर आले. जात्याच्या कडेला भिंग लावून बसले. म्हणाले, टाकीचे घाव उलट्या दिशेचे आहेत, ही फार जुनी पद्धत, आता लोपली. सुईणीच्या पोरानं माझ्या डाव्या हाताकडे बघितलं. मी हात धोतरात घातला. प्रोफेसर गेल्यावर आम्ही दोघं इतके हसलो की त्याला ठसका लागला. तेव्हा आमचा अबोला पुरा मोडला.

तीन वर्षं अशी गेली. मग माझ्या नातीचं लग्न ठरलं.

माझी मुलगी मोहोळला दिली आहे. बायकोला माहेर उरलं नव्हतं, म्हणून ती त्याच मागच्या खोलीत जन्मली. याच्या म्हाताऱ्या आईनं केलेलं ते शेवटचं बाळंतपण. आणि मुलीचं पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून ही नातही त्याच खोलीत झाली. तिच्या आजीनं तिला मांडीवर घेऊन म्हटलेलं मी ऐकलं आहे, तुझी हळद मी दळणार, याच जात्यावर. आता आजी नव्हती. मुलगी आली आणि म्हणाली, "अप्पा, आई न्हाय तर न्हाय. आईचं जातं तरी आना."

मी तिला सगळं सांगितलं. ती रागावली. म्हणाली, तिथं दुसऱ्याच्या नावाची पाटी लावून दिलीत आणि गप बसलात? 

दुसऱ्या दिवशी मी ते सुईणीच्या पोराला सांगितलं. त्यानं चौकटीवरचा हात काढला. मग म्हणाला, "ने. तुजंच हाय. मी वकिलाला सांगतो, मी खोटं बोललो म्हनून."

ते सांगितलं असतं तर त्याचा शर्ट गेला असता, देवडी गेली असती. त्या वयात तो कुठं जाणार होता? आणि नाही सांगितलं तर माझ्या बायकोचा शब्द जात होता. मी त्याला नको म्हटलं. तो म्हणाला, मग काय करायचं? मी म्हटलं, मला काय माहीत. असे आम्ही दोन म्हातारे दुपारभर चौकात बसून राहिलो. आलेल्या पाहुण्यांना त्या दिवशी काही सांगितलंच नाही त्यानं. नुसता चौकटीवर हात धरत होता.

संध्याकाळी कुलूप लावताना तोच म्हणाला, "सोमवारी बंद असतं न्हवं? जातं हालवायचं कशाला. बायका हितं आना की."

सोमवारी सकाळी मुलगी, नवरी पोरगी आणि पाच सवाष्णी जन्मस्थानात आल्या. त्यानं दोरी सोडून गुंडाळून ठेवली होती. जातं धुऊन पुसलं होतं. पाटी उलटी करून भिंतीला टेकवली होती. चौकटीला तळहात लावून तो उभा राहिला आणि एकेकीला म्हणाला, "डोकं, बाई. डोकं." माझी मुलगी आली तेव्हा तिनं त्याच्याकडे बघितलंही नाही. ती सरळ आत गेली, पाठ वाकवून, त्याच्या हाताला केससुद्धा न लागता. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "बघितलं? घरची हाय."

खुंट्याला हळकुंड-सुपारी बांधली. पाचजणींनी हात लावला. जातं तीन वर्षं फिरलं नव्हतं, आधी करकरलं. मग आवाज लागला. तो आवाज मी एकतीस वर्षं झोपेत ऐकला होता. मी चौकातल्या विहिरीकडे तोंड करून उभा राहिलो. सुईणीचं पोर कान निम्मे गेलेलं, तरी दारात उभं राहून ऐकत होतं. हळद दळून झाली तेव्हा मुलीनं बोटभर हळद आणून त्याच्या कपाळाला लावली. 

त्यानंतर त्याला पहिल्यासारखं सांगता येईना. जात्यापाशी आला की अडायचा. महिन्याभरानं एका सकाळी तो माझ्या खोलीवर आला आणि म्हणाला, चल, वकिलाकडं जायचं. मी म्हटलं, कशाला? तो म्हणाला, "आईच्या बाळंतपनाच्या गोष्टीत माजं खोटं मिसळलंय. त्ये काडून टाकतो." जाण्याआधी त्यानं देवडीतली वळकटी बांधून ठेवली होती. भांडी पोत्यात भरली होती. मी ती बघितली.

वकीलसाहेबांनी ऐकून घेतलं. मी शेजारी उभा राहून म्हटलं, जातं माझं आहे, घाव माझ्या हाताचे आहेत. डावा हात दाखवला. त्यांनी समोरची फाइल मिटली. मग म्हणाले, "आणखी कुणाला सांगितलंत?"

"न्हाय," हा म्हणाला.

"मग सांगू नका. पुस्तकात जात्याचा फोटो छापून झालाय."

एवढंच. आम्ही परत आलो. त्यानं वळकटी सोडली, भांडी पोत्यातून काढली. नोकरी राहिली, देवडी राहिली, आणि मी तरी त्याला इतकं पडलेलं कधी बघितलं नव्हतं. खरं सांगायला गेलेल्या माणसाचं खरं कुणी घेतलंच नाही, तर त्यानं ते कुठं ठेवावं?

पण त्यानं एक केलं. पुढं तो पाहुण्यांना जात्यापाशी नेऊन म्हणायचा, "हितं एक बाई दळायची. एकतीस वर्सं." पाहुणे विचारायचे, म्हणजे मातोश्रीच ना? तो म्हणायचा, "पाटी हाय की. वाचा." आणि चौकात माझ्याकडे बघायचा. सासरी गेलेल्या मातोश्रींनी इथं एकतीस वर्षं कसं दळलं, हे गणित कुणी विचारलं नाही. शिकलेली माणसं होती सगळी.

गेल्या उन्हाळ्यात त्याला ताप आला. दवाखान्यात चार दिवस होता. मी जायचो. त्याचा उजवा हात चादरीवर उताणा पडलेला असायचा. तळहातावर आडवी एक रेघ होती, घट्ट्यासारखी, चौकटीच्या कडेची. गिरणीतले घट्टे गेले होते, ही राहिली होती.

तिसऱ्या दिवशी तो मला म्हणाला, "गवंडी, तुजी खोली माज्यामुळं गेली न्हवं?"

मी म्हटलं, "व्हय." मला गोड बोलता येत नाही.

"आन जातं?"

"ऱ्हायलं."

"मग?" तो म्हणाला.

त्या 'मग'चा अर्थ मला लागला नाही. मी त्याला गप पड म्हटलं, पाणी पाजलं. चौथ्या दिवशी तो गेला. तो मला काही विचारत होता, की सांगत होता, याचा मी अजून विचार करतो. विचार करणं हे माझं काम नाही.

परवा मी जन्मस्थानात गेलो. तो गेल्यापासून गेलो नव्हतो. आता तिथं एक पेन्शनर शिपाई ठेवलाय. खुर्चीत बसून पेपर वाचत होता. बघा, म्हणाला, हात लावू नका. मी मागच्या खोलीकडे गेलो आणि दारात कपाळ खाडकन चौकटीवर आपटलं. डोळ्यांपुढे अंधारी आली. एकतीस वर्षांत कधी आपटलं नव्हतं. पाठ विसरली.

मी मागे सरून बघितलं. लाकडाच्या कडेला, उजव्या अंगाला, वीतभर जागा काळी आणि गुळगुळीत झाली आहे. तेलपाणी दिल्यासारखी. मी गिलावा केलेल्या भिंती बघितल्या आहेत, झिजलेल्या पायऱ्या बघितल्या आहेत. पण हातानं झिजलेलं चौकटीचं लाकूड मी दुसरीकडे बघितलेलं नाही. मी माझा हात तिथं लावून बघितला. डावा हात, म्हणून नीट बसेना. उजवा लावला.

तेवढ्यात मागून एक बाई आली. हातात पूजेची पिशवी, नजर आतल्या जात्याकडे. ती वाकली नाही. तिचं डोकं माझ्या हातावर आलं. ती ओशाळली, पदर सारखा केला, आणि आत बोट दाखवून मला विचारलं, "काका, हितं काय हुतं?"

 मी म्हटलं, "डोकं सांभाळा, बाई," आणि हात तसाच ठेवला.